तारेवरचा चरचराट

गेल्या दिवाळीत गोरखीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या वाड्यात आम्ही फराळाला गेलो होतो. घरच्या आत्याबाई ऐंशी ओलांडलेल्या. आमच्या मंडळाच्या बैठकीला त्या आजही खुर्ची धरून पहिल्या रांगेत बसतात. त्यांच्या भावाचा नातू गुडगावहून सुटीत आला होता आणि त्याने बरोबर विजेची गिटार आणली होती. फराळ झाल्यावर त्याने ती काढली, लहानसा ध्वनिवर्धक जोडला आणि यमनमधील दोनचार स्वरसमूह वाजवून दाखविले. वाजवणे बरे होते. पण प्रत्येक वेळी त्याची बोटे जाड तारांवरून सरकली की एक चरचराट उमटे, पाटीवर पेन्सील ओढल्यासारखा. आत्याबाईंनी कपाळाला आठी घातली. मुलगा हसला आणि म्हणाला, "थांबा आत्याआजी, यावर औषध आहे." दुसऱ्या दिवशी आम्हांला पुन्हा बोलावणे आले. रात्रीतून त्याने तारा बदलल्या होत्या. आता चरचराट नव्हता. आवाज गोल, मऊ आणि काहीसा मंद झाला होता.

"आता नाही ना येत आवाज?" त्याने विचारले.

"येतोय की रे," आत्याबाई म्हणाल्या, "पण पांघरुणातून येतोय."

गोष्ट एवढ्यावर संपली असती. परंतु त्या खोलीच्या भिंतीवर तांबड्या खारव्यात गुंडाळलेला एक सरोद टांगलेला आहे. तो आत्याबाईंच्या वडिलांचा. गेली कित्येक वर्षे त्याला हात लागलेला नाही. दोन तारा तुटलेल्या, तरफा गंजलेल्या. मुलाची नजर त्याकडे गेली आणि त्याने जो प्रश्न विचारला तो आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. आपल्या पाकिटात उरलेल्या या गुळगुळीत तारांपैकी एक पणजोबांच्या सरोदाला लावली तर काय होईल? आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहिले. ज्याने आयुष्यभर इतिहासाची टिपणे काढली त्याला अशा वेळी उत्तर देता आले पाहिजे, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम तारेविषयी. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर वितीमागे तिचे वजन. फ्रान्समधील मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा हिशेब मांडला. लांबी व ताण तेच ठेवून स्वर एक सप्तक खाली आणावयाचा तर तारेचे वजन चौपट करावे लागते आणि दोन सप्तके खाली आणावयाचा तर सोळापट. गिटारीची सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तार यांच्यात नेमके दोन सप्तकांचे अंतर असते. आता सोळापट वजनाची साधी पोलादी तार म्हणजे चौपट जाडीची कांबीच झाली. ती वाकत नाही, झंकारत नाही आणि तिचे वरचे उपस्वर बेसूर होतात. म्हणून मधोमध बारीक तार ठेवून तिच्यावर दुसरी तार स्प्रिंगसारखी गच्च गुंडाळतात. वजन वाढते, लवचीकपणा राहतो. ही युक्ती युरोपात सतराव्या शतकाच्या मध्यास निघाली. लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६६४ साली आपल्या संगीतविषयक पुस्तकात आतड्याच्या तातीवर धातूची तार गुंडाळण्याच्या या नव्या शोधाची माहिती दिली आहे.

गुंडाळावयाची तार गोल असली की तिच्या वेढ्यांचे कंगोरे वर राहतात. बोट सरकले की ते कंगोऱ्यांवरून घासते आणि चरचराट होतो. त्या खाचांत घाम आणि मळ साठतो, म्हणून नव्या गोल गुंडाळीची तार पहिले काही दिवस चांदीच्या घंटेसारखी वाजते आणि थोड्याच आठवड्यांत तिचा आवाज बसतो. गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळली तर वरचा पृष्ठभाग सलग होतो. यालाच गिटारवाले फ्लॅटवाउंड म्हणतात; आपण चपट्या गुंडाळीची तार म्हणू. तिच्यावर बोट आवाज न करता सरकते. ती पडद्यांना कमी झिजवते आणि दीर्घकाळ टिकते. मात्र वरचे उपस्वर तीत मुळातच कमी, आणि सहसा ती जाड अंगाची व जास्त ताणाची असते. ती पहिल्या दिवशी जशी मंद वाजते तशीच वर्षभर वाजते. एक सूचना, ज्यांच्या घरी असे नातू आहेत त्यांच्यासाठी: ही तार खुंटीवर चढवून वाकविल्याखेरीज कापू नये. आधीच कापली तर पट्टी आतल्या तारेवरून सैल सुटते आणि तार फुकट जाते. आमच्यासमोर एक अशीच गेली.

व्हायोलिन जाणणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. गजाचे केस कंगोऱ्यांवरून ओढले तर कर्कश खरखर होईल, म्हणून त्या वाद्याच्या तारांची वरची गुंडाळी गुळगुळीतच हवी. १९१९ साली व्हिएन्नात फ्रान्झ थोमास्टिक आणि ओटो इन्फेल्ड यांनी काढलेला कारखाना अशाच पोलादी गाभ्याच्या व्हायोलिन-तारांमुळे नावारूपास आला आणि पुढे त्याच घराण्याच्या चपट्या गुंडाळीच्या तारा गिटारीवरही चढल्या. ग्वाल्हेर गायकीचे अंतुबुवा जोशी यांचे चिरंजीव गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांनी जी गायकी गळ्यातून मांडली तीच व्हायोलिनवरही मांडली. हाताखाली तार खरखरीत असती तर बाळकृष्णबुवांकडून आलेली ती सलग मींड गजावर उतरली असती काय, असा प्रश्न आम्हांला पूर्वी कधी पडलाही नव्हता.

विजेच्या गिटारीचा उगम आमच्या अनेक वाचकांना चकित करील. १९३२ साली अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी जी पहिली विजेची गिटार विक्रीस आणली ती मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची हवाई बेटांच्या पद्धतीची होती. तळणीच्या तव्यासारखी दिसे म्हणून तिला नावही तेच पडले. तिच्यातील लोहचुंबकाभोवतीचे वेटोळे तारेचे कंपन टिपते. अर्थात तार लोखंडाच्या जातीची हवी. आतड्याची तात या यंत्राला मुळी ऐकूच येत नाही, आणि कांशाची तार अगदी क्षीण ऐकू येते. हवाई पद्धतीत डाव्या हाताने पोलादाची कांडी तारांवरून फिरवितात. बोटाच्या कातडीचा चरचराट परवडला, पण पोलाद कंगोऱ्यांवरून घासले की विजेच्या कर्ण्यातून फाइल घासल्यासारखा आवाज येतो. त्यामुळे कांडी फिरविणाऱ्यांना गुळगुळीत तार हा चैनीचा विषय राहिला नाही. पुढे जॅझ वादकांनी आडव्या न ठेवता छातीशी धरलेल्या गिटारीवरही हीच तार पसंत केली. वेस मॉंटगोमेरीचा जाडजूड, मखमली नाद त्याच्या अंगठ्याइतकाच या तारांचा होता. डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनने बास गिटारीवर एकदा चढविलेल्या अशा तारा शक्यतो बदलल्या नाहीत. १९६६ च्या सुमारास इंग्लंडात बास गिटारीसाठी गोल गुंडाळीच्या लखलखीत तारा आल्या आणि रॉक संगीताने तो झणझणीत आवाज उचलला. तेव्हापासून चपटी गुंडाळी ही जुन्या चालीच्या वादकांची खूण मानली जाऊ लागली. जुन्या चालीची माणसे म्हणजे आम्हीच, तेव्हा या तारेविषयी आम्हांला आपुलकी वाटू लागली हे मान्य करावे लागेल.

भारतात ही आडवी गिटार हवाईतील फिरत्या वादकांबरोबर आली. ताउ मो यांचे कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्यास वास्तव्य करून होते. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत तिने मध्यमवर्गीय घरांत जे स्थान मिळविले ते आज नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारीवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी असत. त्यांच्या जोडीला अॅकॉर्डियन वाजविणारे इनॉक डॅनियल्स हे आपल्या पुण्याचे. लश्करातही पाटणकर बाजार ते जिवाजीगंज या टापूत लग्नाच्या रिसेप्शनला पेटीबरोबर हवाई गिटार वाजलेली आम्ही ऐकली आहे. शास्त्रीय बैठकीवर मात्र तिला कोणी बसू देत नव्हते. ती बसली जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांच्यामुळे. त्यांनी गिब्सन कंपनीच्या मोठ्या पोटाच्या गिटारीत आपल्या सोयीचे फेरफार केले आणि तीवर आलाप, जोड, झाला मांडला. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेले 'कॉल ऑफ द व्हॅली' हे ध्वनिमुद्रण जगभर गेले.

आता वाचकहो, येथे आमची गोष्ट गोरखीकडे वळते. काबरा शिकले कोणाकडे? अली अकबर खाँ यांच्याकडे. म्हणजे गिटारीने विद्या घेतली ती सरोदाकडून. अली अकबर यांचे वडील मैहरचे अल्लाउद्दीन खाँ रामपूरच्या वजीर खाँचे शिष्य. आणि त्याच वजीर खाँकडे शिकलेले दुसरे सरोदिये म्हणजे ग्वाल्हेर दरबारचे हाफिज अली खाँ. गुडगावच्या त्या मुलाला हे ठाऊक नव्हते, पण तो ज्या वाद्यावर ज्या प्रकारे यमन वाजवू पाहत होता त्याची भारतीय वंशावळ दोन पायऱ्या चढली की त्याच्या पणजोबांच्या सरोदाच्या भाऊबंदांत जाऊन मिळते.

दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये येथे तळ दिला आणि छावणीचे लश्कर हे नाव शहराला कायमचे चिकटले. महाराज बाड्याशेजारची गोरखी हा त्या काळचा राजवाडा. जयाजीरावांनी १८७४ मध्ये जयविलास पुरा करीपर्यंत राजकुटुंबाचा संसार याच भागात होता. शिंद्यांचे देवघर तर नंतरही येथेच राहिले. पुढे आवारात शाळा आली, कचेऱ्या आल्या. अटलबिहारी वाजपेयी याच गोरखीच्या शाळेत शिकले हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. परंतु येथील भिंतींनी काय ऐकले, हे क्वचितच कोणी सांगते. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांना दौलतरावांनी पडद्याआड बसवून बडे मुहम्मद खाँची तानबाजी कित्येक महिने चोरून ऐकविली, ही कथा आमच्या लहानपणी आजोबा सांगत. कथेत खरे किती आणि मीठमसाला किती हे बाजूला ठेवू. दरबार ज्या काळचा सांगतात त्या काळी महाराजांचे वास्तव्य या परिसरातच होते, तेव्हा तो पडदा असेल तर येथेच कोठे तरी असणार. वासुदेवबुवा जोशी, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, शंकर पंडित, कृष्णराव शंकर पंडित ही नावे आपण मराठी कुटुंबे अभिमानाने घेतो. गायनाचा वारसा आपला, हे आपण मनाशी ठरवून टाकले आहे. वाद्यांकडे मात्र आपण पाठ फिरविली. जिवाजीगंजात सरोद घर आहे, हाफिज अली खाँचे राहते घर पुत्र अमजद अली खाँ यांनी वाद्यांच्या संग्रहालयात रूपांतरित केले आहे. पण आमच्या ओळखीतली किती घरे तेथे एकदा तरी जाऊन आली? आम्ही स्वतः तिकडे पहिल्यांदा गेलो ते या दिवाळीनंतर. लश्करात आयुष्य काढून हे लिहावे लागते, याची लाज वाटते.

सरोदाचा पूर्वज अफगाण रबाब. त्याला आतड्याच्या ताती, लाकडी गळा आणि तोंडावर कातडे. तातीचा आवाज कोरडा, तुटक, ठोक्याचा. छेडला की लगेच विरतो. घोडदौडीच्या गीतांना तो शोभे, ध्रुपदाच्या संथ आलापाला अपुरा पडे. तातीच्या जागी धातूच्या तारा आणि लाकडी गळ्यावर पोलादी पत्रा आला तेव्हा स्वर लांबला आणि बोट न उचलता एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे शक्य झाले. हा बदल कोणी केला? बंगश घराणे सांगते की ग्वाल्हेर दरबारातील आमच्या गुलाम अली खाँनी. मटियाबुर्जला वाजिद अली शहाच्या पदरी असलेल्या नियामतुल्ला खाँचे वंशज हा मान आपल्या पूर्वजाला देतात. ग्वाल्हेरकर म्हणून आमचा कल कोणीकडे असावा हे सांगावयास नको. तरीही आम्हांला प्रामाणिकपणे असे वाटते की असा बदल एका माणसाने एका सकाळी केला, ही कल्पनाच चुकीची आहे. बीन आणि सतारीवर लोखंडी व पितळी तारा आधीपासून होत्याच; त्या रबाबावर लावून पाहण्याचा मोह अनेक हातांना, अनेक गावी झाला असणार.

आणि बदलाचे दुसरे टोक हिंदुस्थानाबाहेर आहे. जुनी लोखंडी तार मऊ. फार ताणली तर तुटे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्मिंगहॅमकडे पियानोसाठी कठीण पोलादी तार निघू लागली. जेम्स हॉर्सफॉल यांनी तिच्यावर उष्णतेची प्रक्रिया करण्याची पद्धत १८५४ मध्ये नोंदविली आणि १८६६ साली अटलांटिक समुद्राच्या तळाशी जी तारायंत्राची दोरी टाकली तिच्या चिलखतालाही त्याच कारखान्याची तार होती. पुढे जर्मन तार सरस ठरली. सतारिये अजून रोस्लाउ या गावाच्या नावाने तार मागतात. आज आपण ज्याला सरोदाचा परंपरागत झंकार म्हणतो तो या पोलादावाचून असा वाजलाच नसता. आपल्या घराण्यांच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली की कोणी तरी नाराज होते. त्यांना आम्ही मिरजेच्या तंबोऱ्याची आठवण देतो: भोपळा पंढरपूरकडचा, कारागीर आपला, जोडीच्या तारा मात्र पोलादाच्या. त्या तंबोऱ्याला आजवर कोणी परका म्हटलेले नाही.

हाफिज अली खाँ (१८८८–१९७२) यांच्या हाती आले ते हे बदललेले वाद्य. या घराण्यात तार बोटाच्या पेराने दाबत नाहीत, नखाच्या कडेने धरतात. नख पोलादी पत्र्यावर तारेला टेकते आणि तसेच पुढे सरकते. नारळाच्या करवंटीच्या जव्याने एकदा छेडलेला स्वर नख नेईल तिकडे जातो. त्यांना १९६० साली पद्मभूषण मिळाले तेव्हाची एक आठवण अमजद अली खाँ सांगत आले आहेत. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी आपल्यासाठी काय करू असे विचारले तेव्हा खाँसाहेबांनी घर, पेन्शन असे काही न मागता तानसेनाच्या दरबारी रागाची शुद्धता राखण्याची व्यवस्था करावी अशी विनंती केली. हसून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. ज्या माणसाने विलायती पोलादाची तार निःशंकपणे वापरली त्यानेच रागाच्या बाबतीत सरकारकडे दाद मागितली. काय बदलू द्यावयाचे आणि काय नाही, याची रेघ त्यांच्या मनात फार स्पष्ट होती.

आता आत्याबाईंच्या सरोदाकडे येऊ. नातवाच्या प्रश्नावर आम्ही आधी एका वाद्य दुरुस्त करणाऱ्यास विचारले. त्याने सरोद उजेडात धरून पाहिला, कातड्यावर टिचकी मारली आणि म्हणाला की कातडे जुने आहे, जास्त ताणाची तार लावाल तर घोडी खाली बसेल आणि मग कातडेही जाईल. तेव्हा असे ठरले की फक्त खर्जाची एकच तार लावावयाची, तीही उतरलेल्या स्वरात, आणि अर्ध्या तासात काढून घ्यावयाची. परवानगी देताना आत्याबाईंनी वडिलांच्या फोटोकडे पाहून हात जोडले. नातवाने दिव्यासमोर बसून, जीभ दातांत धरून, तार चढविली.

एक गोष्ट लगेच कळली. नखाखाली काहीही आवाज येत नव्हता. तार तेल लावल्यासारखी सरकत होती. गोल गुंडाळीची तार लावली असती तर प्रत्येक मींडेत नख कंगोऱ्यांवर खडखडले असते आणि नखही किसले गेले असते. खर्जाला गुंडाळी टाळून कांशाची किंवा पितळेची सरळ जाड तार पसंत करणारे जुने सरोदिये या दोषातून आधीच मोकळे झाले होते. ज्या चरचराटावर पट्टीच्या गुंडाळीचा इलाज निघाला तो दोष त्यांनी आपल्या वाद्यात शिरूच दिला नाही. किंमत दिली ती एवढीच की सरळ तारेने फार खोल खर्ज गाठता येत नाही.

दुसरी गोष्ट कळायला थोडा वेळ लागला. नातवाने छेडून छेडून पाहिले, पण सरोद बोलेना. स्वर उमटे, गोल उमटे, आणि तेथेच थांबे. आम्ही बाकीच्या तारांवर हात ठेवून पाहिला, उचलून पाहिला. काही फरक नाही. गंजल्या असल्या तरी काही तरफा शाबूत होत्या, त्या गप्प होत्या. तरफा जागतात त्या मुख्य तारेतील उपस्वरांनी. पट्टीच्या गुंडाळीत तेच उपस्वर दबलेले. गिटारीला तरफ नाही, म्हणून तिला हा मऊपणा पथ्यावर पडतो; सरोदाचे निम्मे बोलणे तर आतल्या तरफांचे असते. दुरुस्ती करणाऱ्याने त्याच खुंटीला कांशाची सरळ तार लावली, सुरात आणली आणि एकदाच छेडली. कोपऱ्यातली एक गंजकी तरफ गुणगुणली. आत्याबाई, ज्यांना हल्ली आपले बोलणे दोनदा सांगावे लागते, त्या म्हणाल्या, "हा."

नातू खट्टू झाला असेल असे आम्हांला वाटले होते. तसे काही झाले नाही. त्याने गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि आडवी ठेवली, हवाई पद्धतीने. स्वयंपाकघरातून मिठाची काचेची बाटली आणून ती कांडीसारखी तारांवर फिरवली. उभ्या गिटारीवर या जास्त ताणाच्या तारा बाजूला ओढून मींड काढताना त्याची बोटे दुखत होती, आणि पडद्यांवरून सरकले की मधले प्रत्येक घर मोजल्यासारखे ऐकू येई. आडवी ठेवताच दोन्ही अडचणी गेल्या. षड्जापासून पंचमापर्यंत स्वर न तुटता, न चरचरता गेला. सतारीसारखी तार ओढावयाची असेल तर ही पट्टीची तार वैरीण; सरोदासारखे तिच्यावरून घसरावयाचे असेल तर सखी. विद्या सरोदियाकडूनच घेतलेल्या काबरांनी गिटार आडवी का ठेवली हे त्या संध्याकाळी आम्हांला पुस्तकांवाचून समजले.

सरोदाला नवे कातडे चढवावयाचे काम सध्या चालू आहे. तरफांसाठी नव्या तारा मागविल्या आहेत. खारव्याचे तांबडे कापड फाटले होते, ते आत्याबाईंनी स्वतः शिवून दिले. होळीला नातू येणार आहे तेव्हा सरोद घरी घेऊन जिवाजीगंजला जायचे आणि तेथील जुन्या वाद्यांशेजारी ठेवून पाहायचे असे ठरले आहे. मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांना बरोबर यावयाचे असेल त्यांनी आधी कळवावे, कारण आत्याबाईंसाठी गाडी सांगावी लागेल.